ग्यानोबा काकांच्या पेनाचं टोपण

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या, सुगतच्या घरात घडलेली आहे. त्यातला एक भाग तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

आधीच सांगतो, आमच्या घराण्यात भुताखेतांना थारा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून श्राद्ध नाही, पिंड नाही, उतारा नाही. लहानपणी भुताचं नाव जरी काढलं, तरी पाठीत धपाटा बसायचा.

तरीही हे घडलं.

आणि अमावस्येच्या रात्री वगैरे नाही... भर दुपारी, जेवणं झाल्यावर.

गेल्या वर्षीचा मे महिना. लातूरला औसा रोडवर सुगतचं घर आहे. नोकरी सरकारी, पण जीव सगळा जुन्या शाईपेनांत. कुठे जुन्या बाजारात पेन दिसलं की हा वाकलाच. घरी आणून खोलायचं, धुवायचं, वाकलेली निब सरळ करायची आणि बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करायची. त्याच्या हातून गेलेलं पेन कागदावर लोण्यासारखं चालतं, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे त्यापेक्षा जास्त तो स्वतः म्हणायचा.

एक दिवस त्याला नांदेडहून फोन आला. पंचशीला मावशीचा.

ही आमची थोरली मावशी. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले. तिचे यजमान, ग्यानोबा काका, उमरीला शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर नांदेडला घर बांधलं. रोज दुपारी जेवण झालं की पुढच्या खोलीत टेबलाशी बसून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. पेन्शनचे, रेशनचे, सातबाऱ्याचे. काकांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

"सुगत, काकाचं पेन अडकून राहिलंय," मावशी म्हणाली. "शाई उतरंना झालीय. जरा बघतोस का?"

"मावशी, आता कोण लिहितंय त्या पेनानं?"



"तू बघतोस का न्हाई, तेवढं सांग."

रविवारी सुगत नांदेडला गेला. मावशीनं पेन काढून दिलं. जुनं, जाड, काचेसारख्या नळीचं. आत शाई किती उरली ते बाहेरून दिसायचं. ड्रॉपरनं शाई भरायची. मावशीची बोटं निळी झालेली होती. म्हणजे ही आंधळी बाई चाचपडत रोज त्यात शाई भरत होती.

सुगतनं टोपणासाठी हात पुढे केला. मावशीनं टोपण मुठीत घट्ट धरलं.

"हे माझ्यापाशी राहू दे. तुझे काका कोणालाबी पेन देताना टोपण ठिवून घ्यायचे. ठावं हाय ना?"

आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोस्टात, बँकेत कोणी पेन मागितलं की काका पेन द्यायचे आणि टोपण आपल्या मुठीत ठेवायचे. टोपण आपल्याकडे असलं की पेन परत येतंच, असं त्यांचं म्हणणं. आणि परत आल्यावर निब उजेडात धरून बघायचे. दिलं तसंच आलंय ना?

निघताना मावशी दारापर्यंत आली. मुलगा, अश्वजित, आत होता. तिनं आवाज अगदी खाली आणला.

"फक्त शाई उतरंल असं कर. निबेला हात लावू नको, बाळा."

सुगत हसला. सगळेच असं म्हणतात, आणि पेन हातात पडल्यावर खूश होतात.

लातूरला आल्यावर त्यानं पेन कोमट पाण्यात भिजत घातलं. वाळलेली शाई निघाली. पेनात नवी शाई भरून त्यानं कागदावर रेघ ओढली. शाई उतरली, पण निब खरवडत होती. काकांच्या हातून ते पेन कधीतरी पडलं होतं. वाकलेलं टोक त्यांनीच दातानं सरळ केलेलं. प्रत्येक वळणावर ते कागदात अडकायचं.

टोपण नव्हतं. म्हणून ते तसंच टेबलावर ठेवून तो दुपारचं जेवायला बसला.

खर्र... खर्र... खुट्.

त्याची बायको, रूपाली, भाकरी वाढता वाढता थांबली.

"अहो, आत कोण लिहून राहिलंय?"

घरात दोघांशिवाय कोणीही नव्हतं.

सुगत उठून खोलीत गेला... आवाज बंद.

पेन जागेवरच. कागद कोराच. त्यानं ओढलेली एक रेघ, बाकी काही नाही. खिडकी बंद होती. पंखा फिरत होता. पंख्यानं कागद हलला असेल, असं म्हणून तो परत पाटावर बसला.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम सुट्टी टाकून घरी थांबला. पंखा बंद केला.

जेवण झालं...

खर्र... खर्र... खुट्. खर्र...

उघडं पेन रात्रभर पडून होतं, म्हणजे निबेवरची शाई वाळायला हवी होती. सुगतनं बोट लावलं.

ओली होती.

नळीतली शाईही खाली गेली होती.

सुगत घाबरला. पण एवढा शिकलेला माणूस, घाबरलो म्हणेल कसा? त्यानं भिंग लावून निब बघितली आणि स्वतःलाच समजावलं की दोष या वाकड्या टोकाचा आहे. आवाज टोकाचा आहे. टोक सरळ झालं की आवाज संपला.

मावशीनं काय सांगितलं होतं ते त्याला आठवत होतं. तरी त्यानं पॉलिश पेपर काढला.

चांगला तासभर घासत बसला. निब अशी गुळगुळीत झाली की रेघ ओढली तरी कळू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात काहीच ऐकू आलं नाही. रूपालीनं सुटकेचा श्वास सोडला. सुगत तर शीळ घालत होता.

पुढच्या रविवारी तो पेन घेऊन नांदेडला गेला. मावशीनं ते काकांच्या टेबलावर ठेवायला लावलं. शाई भरून ठेव म्हणाली. मग सगळ्यांना जेवायला वाढायला सांगितलं. स्वतः दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"अश्वजित, टीव्ही बंद कर. पंखा बी बंद कर."

"आई, लई उकडून राहिलंय..."

"बंद कर म्हणलं ना!"

अश्वजित चिडून बाहेर निघून गेला. मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. कान पुढच्या खोलीकडे. बराच वेळ.

"सुगत, तुला काय ऐकू येतंय का?"

"काय, मावशी?"

"काका लिहितात ते."



मावशी हळूहळू बोलत राहिली. काका गेल्यावर महिनाभरानं सुरू झालं होतं. रोज जेवण झालं की खर्र खर्र. अश्वजितला सांगायची सोय नव्हती, तो डॉक्टरकडे नेईल. लोकांना सांगायची तर लाजच. बुद्धाच्या घरात असलं बोलतात व्हय? म्हणून ती गुपचूप शाई भरायची आणि इथे बसून ऐकायची. डोळ्यांनी तर तिला माणूस जिवंत असतानाही दिसत नव्हता. तिला आवाजच तेवढा ठाऊक.

"पेन आण इकडं," ती म्हणाली.

सुगत पुढच्या खोलीत गेला आणि दारातच थांबला.

पेन टेबलावर होतं. हलत नव्हतं. पण नळीतली शाई... खाली जात होती. थोडी. मग थांबायची. मग परत थोडी. माणूस एक ओळ लिहितो, थांबतो, पुढची लिहितो, तशी.

आणि आवाज नव्हता. जराही नव्हता.

"मावशी!" तो ओरडला. "काका हाय इथं! शाई उतरून राहिलीय, मी बघून राहिलोय!"

"मला दिसतंय का ते?"

एवढंच म्हणाली ती.

मग स्वतः भिंत धरत आली. पेन उचललं, तळहातावर निब फिरवली. पुन्हा फिरवली. तिचा चेहरा बघवत नव्हता, असं सुगत सांगतो. तिनं पेन टेबलावर ठेवलं, कनवटीचं टोपण काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे बी घेऊन जा. हे त्यांचं पेन न्हाई."

"मावशी, चुकलं माझं. मी दुरुस्त..."

"केलंस की दुरुस्त."

त्यानंतर मावशी त्याच्याशी बोललेली नाही. आता तिला भेटायला गेलं तर ती उंबऱ्याशीच बसलेली असते. पंखा बंद.

सुगतनं लातूरला येऊन पेनाला टोपण लावलं, पेन कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा हे सगळं त्यानं सांगितलं. मला काही पटलं नाही. मी म्हणालो, दाखव पेन.

दुपारची वेळ होती. नुकतेच जेवून उठलो होतो. त्यानं माझ्यासमोर कुलूप उघडलं.

पेन होतं.

टोपण नव्हतं.

कपाट रिकामं केलं, घर पालथं घातलं. रूपालीला शपथ घालून विचारलं. नांदेडला अश्वजितला फोन लावला. तिथेही नाही.

सुगत मटकन खाली बसला. मला वाटलं, भीतीनं. पण तो रडत होता. टोपण कोणी नेलं ते त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती. पेन उसनं दिलेलं आहे. दिलं तसं परत हवंय.

तेव्हापासून सुगत रोज दुपारी ती निब घेऊन बसतो. फरशीवर आपटतो, दातानं वाकवतो, कागदावर ओढून बघतो. निब खरवडते, पण तो आवाज येत नाही.

कालच रूपालीचा फोन आला होता. म्हणाली, भाऊजी, आता हे लिहायला बसले की समोरची खुर्ची आपोआप सरकते.

आणि निब कोणीतरी उजेडाकडे वळवून धरतं...