सांभाळायला दिलेला हातोडा

प्रेम माणसाला सिंहाचं काळीज देतं. बुद्धभूषणला त्याने हातोडा दिला. तोही तबल्याचा, वीतभर, आणि तोही नुसता सांभाळायला.

गेल्या वर्षी कर्वेनगरच्या एका शाळेत तनयाची गाण्याची पहिली परीक्षा होती. तनया शांतपणे बिस्कीट खात बसली होती. घाबरला होता तो तिचा बाप. बायको गेल्यापासून मुलीच्या प्रत्येक गोष्टीत आपण नापास होणार, अशी बुद्धभूषणची खात्रीच झाली होती. ती आत गेल्यावर तो खिडकीबाहेर उभा राहून हातावर त्रिताल मोजायला लागला. त्रितालात एका ठिकाणी टाळी द्यायची नसते, हात नुसता हवेत फिरवायचा असतो. त्याला खाली म्हणतात. बरोबर तिथेच त्याने सणसणीत टाळी दिली. आत परीक्षकांना ताल दाखवणाऱ्या तनयाने खिडकीतल्या बापाकडे पाहिलं आणि आज्ञाधारकपणे तीही टाळी दिली.

मार्क गेले ते गेलेच. शिवाय तबल्याच्या साथीला बसलेली तरुणी तरातरा बाहेर आली.

"अहो, परीक्षा तुमची आहे की तिची?"

"सॉरी... हात आपोआप—"

"मग हाताला काम द्या काहीतरी." तिने एक जुना हातोडा त्याच्या मुठीत कोंबला. "माझ्याकडे नवा आहे. हा घट्ट धरून तिकडे फाटकापाशी उभे राहा. हात भरलेला असला की टाळी वाजत नाही."

तबला वाजवायला लावलेली तिच्या बोटांची पांढरी पावडर त्याच्या बोटांना लागली. कात्रजला घरी पोचेपर्यंत त्याने ती पुसली नाही.

तिचं नाव चैताली. पुढच्याच आठवड्यापासून तनया दर गुरुवारी तिच्याकडे ताल शिकायला जाऊ लागली, आणि तनयाचा बाप जिन्यात बसून वाट पाहायला.

"हातोडा परत करायचा काही विचार?" चैतालीने एकदा विचारलं.

"आणलाय की. पण... तो जवळ असला की धीर येतो."

"ठेवा मग. फक्त भिंतीत खिळे ठोकू नका."

"एकच ठोकलाय. कॅलेंडरचा."

ती इतकी हसली, की आत मुलांचा ठेका चुकला.

अडचण एकच होती. पुण्यात गाण्याच्या क्लासची बाई पंचविशीची असो की सत्तरीची, पालक तिला ताईच म्हणतात. बुद्धभूषणही म्हणायचा. वर्षभर तो एका बाईच्या प्रेमात पडत राहिला आणि दर वाक्याला तिला बहीण करत राहिला.

परवाच्या गुरुवारी तबल्यावर खोळ चढवता चढवता ती म्हणाली, "नाशिकचं स्थळ आलंय. रविवारपर्यंत कळवायचंय." आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"अरे वा, ताई!" बुद्धभूषण म्हणाला. "नाशिकची हवा फार छान."

आज रविवार होता. त्याच शाळेत तनयाची दुसरी परीक्षा. या वेळी तीही घाबरली होती, हात बर्फासारखे गार.

"ताई, मला सा आठवतच नाहीये."

चैतालीने ते हात आपल्या हातांत घेतले. "सा आठवायचा नसतो गं. तो तानपुऱ्यात असतो. थोडं थांबायचं, ऐकायचं आणि तिथून उचलायचा."

दोघी आत गेल्या. बुद्धभूषण न सांगताच फाटकापाशी जाऊन उभा राहिला. बुचाची फुलं टपटप पडत होती. मुठीत हातोडा धरून तो एकच वाक्य घोकत होता. म्हणून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

तनया धावतच आली. "बाबा, खाली बरोबर दाखवली! तुम्ही नव्हतात ना!" आणि ती फुलं वेचायला पळाली.

मागून चैताली आली. तो थांबला, त्याने ऐकलं... आणि उचललं.

"चैताली, नाशिकला नाही म्हणा. तनयाला ताल मी शिकवू शकत नाही, आणि मला... तुमच्याशिवाय घरी जावंसं वाटत नाही."

एकदाही ताई नाही. एकही चूक नाही.

एक फूल तिच्या खांद्यावर पडलं, ते तिने झटकलं नाही.

"काल कळवलं मी. होकार."

"पण रविवारपर्यंत..."

"गुरुवारी तुम्ही गेल्यावर क्लासचं कुलूप हातात घेऊन जिन्यात बसले होते. म्हटलं, परत येतील. शुक्रवारभर फोन उशाशी. काल आईने विचारलं, 'कोणाची वाट बघतेस?' काय सांगणार होते? हवेची?" तिने मनगटाने डोळे पुसले. पावडर गालभर झाली. "आता तिकडे पेढे वाटून झालेत हो. आई किती दिवसांनी हसलीय."

"मी... उशीर केला."

"पण म्हणालात छान."

शाळेच्या दारातून शिपायाने पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. चैतालीने मागे वळून पाहिलं, मग त्याच्या घट्ट मिटलेल्या मुठीकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तेवढा हातोडा द्या ना. नव्याचं डोकं निखळलंय, आणि पुढच्या मुलीसाठी तबल्याचा सूर थोडा चढवायचाय."