दोन वाजताची काजळी

चिमटीने दोरीवरून चादर खसकन ओढली आणि आईसमोर धरली. पांढऱ्या कापडावर काळे ठिपके पडले होते, जणू वर बसून कुणी मिरपूड भुरभुरवली होती.

"परत धुवायची," आई म्हणाली आणि बादली उचलून खाली गेली. ती रागावली असती तर बरं, असं चिमटीला वाटलं.

आईची लॉन्ड्री होती. रुग्णालयाच्या चादरी खाली धुवायच्या आणि गच्चीवर वाळवायच्या. तिथल्या मुख्य सिस्टरांनी सांगितलं होतं, की शनिवारच्या गठ्ठ्यात एक डाग दिसला तरी काम दुसरीकडे जाईल. सांगितलं तेही अगदी गोड आवाजात, म्हणजे नक्कीच खरं.

समोर खोक्यांचा कारखाना होता. छपरावर सौर पॅनेल, धुराड्याला धूर गाळणारं यंत्र आणि फाटकावर लाल आकड्यांचा बोर्ड : 'आज वाचवलेली वीज'. इतकं सगळं स्वच्छ, मग काजळी येते कुठून? आणि विचारायचं कुणाला? चिमटीचे बाबा तिथेच बॉयलरवर कामाला होते.

"आपण पहारा करू," दुर्बीण म्हणाला. हा शेजारचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा. "तासाला एक स्वच्छ रुमाल टांगायचा आणि तेव्हाच बोर्डावरचा आकडाही लिहायचा."

"रुमाल कुणाचे?"

"तुझ्या बाबांचे. माझे बाबा बाहीलाच पुसतात."

"मी पण," चिमटीचा धाकटा भाऊ म्हणाला. तो कायम तिच्या मागे असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट.

तीन दिवस तिघे गच्चीवर भाजून निघाले. तीनही दिवस तेच. सकाळचे रुमाल स्वच्छ, दोननंतरचे काळे. आणि बोर्डावरचा आकडा सकाळी गोगलगाईसारखा सरकायचा, दोन वाजले की सुसाट.

"दुपारी ऊन वाढतं का?" शेपटाने विचारलं.

"उतरायला लागतं, येड्या."

"मग आकडा का वाढतो?"

हा प्रश्न आपल्याला का सुचला नाही, याचा चिमटी आणि दुर्बीण, दोघांनाही राग आला.

संध्याकाळी तिने तो बाबांना विचारला. बाबांचा घास हातातच राहिला.

"नेहमीपेक्षा जेवढी वीज कमी वापरली, तेवढी वाचली असं तो बोर्ड धरतो," ते म्हणाले. "धूर गाळणारं यंत्र खूप वीज खातं. दोन वाजले की देखभाल-साहेब ते बंद करतात. त्यांना आकडा मोठा दिसायला हवा."

"आणि सौर पॅनेल?"

"निम्मीच वीज देतात. काळी पडलीत."

"कशाने?"

चिमटीलाच उमगलं. यंत्र बंद, म्हणून पॅनेलवर काजळी. काजळी, म्हणून वीज कमी. वीज कमी, म्हणून परत यंत्र बंद. मोठी माणसं अशी गोल गोल फिरत होती आणि त्यांच्यापायी आई एकच चादर तीनदा धूत होती.

"तुम्ही सांगत का नाही?"

"तीनदा कारखान्याच्या वहीत लिहिलं. वही साहेबांच्या कपाटात. आणि उद्या बोभाटा होऊन फाटकच बंद झालं तर? अर्ध्या गल्लीचा पगार तिथून येतो, बाळा."

"आणि आईचं काम?"

बाबांनी ताट बाजूला सारलं.

शुक्रवारी कारखान्याच्या मालकीणबाई येणार होत्या. साडेतीनला त्यांची गाडी फाटकापाशी थांबली, तेव्हा तिघे रुमालांची माळ आणि आकड्यांची वही घेऊन उभे होते. चिमटीने एका दमात सगळं सांगितलं.

देखभाल-साहेब हसले. "मॅडम, वर बघा. आहे का कुठे धूर? सुट्टीत पोरांना उद्योग नसतो."

सगळ्यांनी वर पाहिलं. आकाश लख्ख होतं. आज यंत्र चालू होतं! चिमटीच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या शनिवार होता, आणि आज नेमकी पुराव्याला काजळी नव्हती.

दुर्बीण मात्र बोर्डाकडे बघत होता. "काका, काल या वेळेला आकडा चारशे दहा होता. परवा चारशे तीस. आज एकशे नव्वदच कसा?"

मालकीणबाईंनी चिमटीच्या हातातली वही घेतली, दोन पानं उलटली. "हो, कसा? आज कोणतं यंत्र जास्त चालू आहे?"

साहेबांनी घाम पुसला.

"धूर गाळणारं, मॅडम." बाबा बॉयलरघराच्या दारात उभे होते, हात काळेच. "रोज दोनला बंद होतं. आज तुम्ही येणार म्हणून चालू आहे."

मग मालकीणबाई स्वतः छपरावर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांचा तळवा कोळशासारखा झाला होता.

"पॅनेल कुणी पुसायची?"

"वीज विभाग म्हणतो सफाईवाल्यांनी, सफाईवाले म्हणतात वीज विभागाने," साहेब पुटपुटले.

"आणि तोवर काजळी झेलली या रुमालांनी." त्यांनी रुमालांची माळ वर धरली. "यंत्र आता दिवसभर चालेल. बोर्डावर शून्य दिसलं तरी चालेल. कारखाना मला वाढवायचाय, पण लोकांच्या चादरींवर नाही. पॅनेल धुवायला उद्यापासून कोण येईल?"

आई केव्हाची फाटकापाशी जमलेल्या गर्दीच्या मागे येऊन उभी होती. "मी येते. चिमटीची आई मी," ती म्हणाली. "धुणं हेच माझं काम आहे. पण फुकट नाही."

मालकीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "पोरं कुणावर गेलीत ते कळलं. बाई, तीन दिवस उन्हात बसून इतकी नेटकी नोंद माझ्या कार्यालयात कुणी ठेवत नाही."

शनिवारी सिस्टरांनी गठ्ठ्यातली प्रत्येक चादर उजेडात धरली. शेवटी फक्त "हं" म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याचा गठ्ठा आईच्या हाती दिला.

दोन वाजताचा रुमाल मालकीणबाईंनी आता फाटकावर, बोर्डाच्या खाली खिळ्याला लावलाय. बाकीचे आईने दोनदा उकळले, पण डाग काही गेले नाहीत. बाबा हल्ली बाहीलाच पुसतात आणि आई काही म्हणत नाही.