पाळण्यातलं वजन

"रिकामा पाळणा हलवू नये गं, मधू."

सासूबाई असं म्हणाल्या, तेव्हा मधुवंती हसली होती.

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे. मधुवंती माझी मावसबहीण. ग्वाल्हेरला कंपू नावाच्या भागात राहते, तिसऱ्या मजल्यावर, नवरा आणि सासूबाईंबरोबर. अशा गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण धरून चालतो.

ही मे महिन्यातल्या एका दुपारची आहे.

ग्वाल्हेरची मेमधली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटलेली. दुकानांची शटरं अर्धी खाली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घराघरांत फक्त कूलरची घरघर, आणि त्या घरघरीत बाकी सगळे आवाज बुडून जातात.

सगळेच.

पण सुरुवात त्याच्या आधी झाली होती. बाळ यायच्या आधी.

मधुवंती सॉफ्टवेअर टेस्टर. वस्तू हातात आली की ती आधी कुठे बिघडते ते बघायचं, ही तिची नोकरी आणि हाच तिचा स्वभाव. बाळासाठी तिने ऑनलाइन पाळणा मागवला. विजेचा. बाळ रडलं की आपोआप झुलणारा. गादीखाली वजन मोजणारी पट्टी, वर आवाज टिपणारा माइक, आत बॅटरी आणि सिमकार्ड. सगळी माहिती मोबाइलवर.

बाळंतपणाला अवकाश होता. मधुवंतीने आठवडाभर तो पाळणा रिकामा चालवला. दिवसा, रात्री, मंद, जोरात.

"अगं, बंद कर ते," सासूबाई म्हणाल्या. शरयू त्यांचं नाव. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एरवी उपासतापासही न करणाऱ्या. "हसू नकोस. माझी आई सांगायची, रिकामा पाळणा हलला की कोणीतरी समजतं, आपल्यालाच बोलावलंय."

"आई, हे टेस्टिंग आहे. रिकामा असताना काय आकडे येतात ते कळायला नको?"

"घ्या," मधुवंतीचा नवरा पुष्कर पेपरातून डोकं वर काढून म्हणाला. "बाळाच्या आधी बाळाचा रिपोर्ट येणार आपल्याकडे."

 त्या आठवड्यात सासूबाई त्या खोलीत गेल्या नाहीत.

मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं उन्नती, घरात उनू. बाळ इतकं शहाणं की येणारे जाणारे कौतुक करून थकले. रडायचीच नाही. दुपारी पाळण्यात ठेवली की गुपचूप. मोबाइलवर रोज संध्याकाळी एकच ओळ यायची.

'आज बाळ शांत झोपलं.'

फक्त... तिचं वजन वाढेना.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा काट्यावर ठेवून पाहिलं. "दूध तो ठीक से पीती है?"

"बहुत पीती है, मॅडम."

"फिर जाता कहाँ है?" त्या सहज बोलल्या. तपासण्या लिहून दिल्या. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, आणि उनूचे दंड मात्र सैल पडत चालले. अंघोळ घालताना मधुवंतीच्या हाताला तिच्या बरगड्या लागायच्या. मग ती नळ मोठा सोडायची आणि रडून घ्यायची.

मग तिला आठवलं. पाळणा वजन मोजतो. रोजचं वजन हातात आलं तर नेमकं कधीपासून वाढायचं थांबलं ते डॉक्टरीणबाईंना दाखवता येईल.

मोबाइलवर फक्त चित्रं दिसायची, गोंडस ढग आणि चंद्र. खरे आकडे हवे असतील तर सगळी फाइल उतरवून घ्यायची. ती फाइल होती एक्सएमएलमध्ये. म्हणजे प्रत्येक नोंदीला नावाची पाटी लावलेली. वेळ अमुक. वजन अमुक. झुलला की नाही. झुलला तर का झुलला. अशा लाखो नोंदी एकाखाली एक.

एक्सेलमध्ये उघडली. लॅपटॉप हँग झाला.

तिने भावाला फोन लावला. शंतनू पुण्याला असतो, ह्याच कामात.

"एक्सेलमध्ये? ताई, तू टेस्टर आहेस हे कंपनीला माहीत आहे ना?"

"शंत्या, चिडवू नकोस. माझं डोकं ठिकाणावर नाहीये."

त्याचा आवाज बदलला. "बरं, ऐक. एक्सएमएल वाचत बसायचं नसतं. त्याला प्रश्न विचारायचा. त्यासाठी वेगळी टूल्स असतात, ओपन सोर्स, फुकट मिळतात. एक्सक्वेरी म्हणून भाषा आहे, दोन दिवसांत येईल तुला. शोध, वापरून बघ, जे जमेल ते ठेव."

मग रोज दुपारी, उनू झोपली की, मधुवंती शोधू लागली. एक टूल काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालायचं. तिच्या हाताला ते बसेना. दुसरं तिला आवडलं, बेसएक्स नावाचं. एका बाजूला प्रश्न लिहायचा, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळी फाइल त्याने पोटात घेतली. कुठल्यातरी परदेशी ऑनलाइन मंचावर एका भल्या माणसाने तिच्या प्रश्नातली चूकही सुधारून दिली.

त्या दुपारी उनू तिच्या मांडीवर होती. पाळणा आतल्या खोलीत. सासूबाई त्यांच्या खोलीत पडलेल्या. पुष्कर ऑफिसला. बाहेर लू, आत कूलर.

तिने पहिला प्रश्न विचारला. रोजचं वजन दाखव.

उत्तर आलं.

वजन... वाढत होतं.

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर महिनाभर तिथल्या तिथे असलेली मुलगी पाळण्यात दर आठवड्याला भरत होती. छान, गुटगुटीत बाळासारखी.

पट्टी बिघडली असणार. टेस्टरच्या मनात दुसरं काय येणार? पट्टी बिघडली आहे का ते तपासायचं, तर पाळणा रिकामा असतानाचे आकडे बघायचे. म्हणूनच तर तिने तो रिकामा चालवला होता.

दुसरा प्रश्न. बाळंतपणाच्या आधीचा आठवडा दाखव.

पहिला दिवस शून्य. दुसरा शून्य. त्यानंतरही शून्य.

आठवड्याच्या शेवटी... मूठभर तांदळाइतकं काहीतरी.

मग थोडं जास्त.

तिने मांडीवरच्या उनूला जवळ ओढलं. तिसरा प्रश्न लिहिला. उनू माझ्याजवळ होती तेव्हाचे आकडे दाखव. दवाखान्यात नेलं होतं ते दिवस. सगळे माझ्या माहेरी चार दिवस होतो ते दिवस.

माहेरच्या चार दिवसांत घराला कुलूप होतं.

पाळण्यातलं वजन शून्य नव्हतं. त्या चार दिवसांत मात्र ते घटलं होतं. उपाशी राहिल्यासारखं.

परत आल्यावर पुन्हा वाढलं होतं.

आणि त्या चार दिवसांच्या प्रत्येक नोंदीत झुलण्याचं कारण एकच. रडण्याचा आवाज.

पण उनू रडतच नव्हती.

मधुवंतीने नवी फाइल उतरवली. आत्ताची, ह्या घटकेची. शेवटची नोंद मागितली. उनू तिच्या मांडीवर होती, तिचे पाय मधुवंतीच्या पोटाला लागत होते.

वजन: उनूहून जास्त.

झुलतोय: हो.

आणि लाइट गेली.

कूलर घरघरत घरघरत थांबला. महिनाभरात पहिल्यांदाच ते घर भरदुपारी शांत झालं...

कुर्र... कुर्र...

पाळण्याची स्प्रिंग. बॅटरीवर चालू होती.

त्या आवाजाच्या मधेमधे आणखी एक आवाज होता. अगदी बारीक. बाळ अंगठा चोखतं ना... तसा.

उनू जागी होती. दाराकडे बघत होती. घाबरली नव्हती. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

मधुवंतीने तिचं तोंड स्वतःकडे वळवलं. ती पुन्हा दाराकडे वळली.

तेवढ्यात सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं. पदराने मान पुसत त्या बाहेर आल्या. डोळ्यांत झोप होती.

"मधू, अगं किती वेळची रडतेय ती. कानात बोळे घातलेस का? उचलून घे ना त्या पोरी..."

त्यांची नजर मधुवंतीच्या मांडीवर गेली.

त्या थांबल्या.

आतल्या खोलीतली कुरकुर... थांबली.

सासूबाई पुढे आल्या, उनूला उचलून पदराखाली घेतलं आणि मधुवंतीचा दंड धरला. "चल," एवढंच म्हणाल्या. चपला न घालता दोघी जिना उतरल्या. खालच्या मजल्यावर विजयाबाई शितोळ्यांकडे संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. विजयाबाईंनी तीनदा विचारलं, "हुआ क्या? काही भांडण झालं का घरात?" सासूबाई म्हणाल्या, "लाइट गेली म्हणून आलो." लाइट कधीच परत आली होती.

पुष्कर आल्यावर सासूबाईंनी त्याला उंबऱ्यातच सांगितलं. "तो पाळणा आज सोड. आत्ता. आधी तो, मग चहा."

"आई, झालं काय पण?"

"सोड म्हणाले ना."

त्याने पाळणा सुटा केला आणि पॅसेजमध्ये आणून ठेवला. परत आला तो तळहात चोळत. "गादी काढली, उशी काढली. तरी एवढा जड का लागतो गं? काही राहिलंय का आत?"

सासूबाईंनी त्याच्यामागून दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून उनू मधुवंतीच्या कुशीत झोपते. पहिल्याच रात्री ती भोकाड पसरून रडली, सगळी सोसायटी जागी झाली, आणि सासूबाई देवापुढे दिवा लावून आल्या. महिन्याभरात दंड भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देखा, दवा लग गई." मधुवंती नुसती हसली.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

पाळणा जाळायचा, असं सासूबाईंचं म्हणणं. पुष्करला ते पटलं नाही. चांगली वस्तू, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मधुवंती उनूला घेऊन दवाखान्यात गेली असताना त्याने तो देऊन टाकला. जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात टाकली होती, एक जोडपं लोडर, म्हणजे छोटा टेम्पो, घेऊन आलं. शहरातल्याच माधवगंजकडचे आहोत म्हणाले, पण गल्ली कुठली ते पुष्करने विचारलं नाही. बाई दोन जिवांची होती. नुकतंच कळलं होतं त्यांना.

"बच्चे को तो अभी बहुत टाइम है," नवरा म्हणाला. "चीज़ अच्छी लगी, तो सोचा ले लें. चलता है ना?"

पुष्करने बटण दाबून चालवून दाखवला.

मधुवंतीला हे रात्री जेवताना कळलं. ताट तसंच राहिलं. त्या नंबरवर फोन लावला, तो बंद. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, बंद. पाळण्याच्या कंपनीला विचारलं. ग्राहकाची माहिती देता येत नाही म्हणाले, आणि तसंही नव्या ग्राहकाने नाव नोंदवलेलंच नव्हतं. पुष्कर आणि ती दोन रविवार माधवगंजच्या गल्ल्यांतून फिरले. दुकानांत विचारलं, देवळात विचारलं. कोणाला लोडरमधून आणलेला पाळणा आठवला नाही. पुष्कर आता पहिल्यासारखी थट्टा करत नाही.

नाव नोंदवलेलं नाही, म्हणजे पाळणा अजून मधुवंतीच्याच नावावर आहे. त्यातलं सिमकार्ड चालू आहे. सहासात महिने झाले, मोबाइलवर संध्याकाळची ती ओळ तिला अजून येते.

'आज बाळ शांत झोपलं.'

ती पुसून टाकत होती. मग परवा तिला राहवलं नाही. फाइल उतरवली. तेच टूल उघडलं. प्रश्न तिच्याकडे तयारच होता.

घरात बाळ नाही. अजून जन्मायचं आहे ते.

पाळण्यातलं वजन... वाढतंय.

मागच्या महिन्यापासून तर फार वेगाने.

आमच्या उनूचं काय होत होतं ते आम्हाला दिसत तरी होतं. हातात होती आमच्या. त्या बाईचं अजून पोटात आहे.

मधुवंतीने मला फोन केला तेव्हा ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी शिकवलं गं त्याला झुलायला." मलाही लहान मूल आहे. त्या फोननंतर मी त्याच्या पोटावर हात ठेवून झोपते, आणि हात उचलायची भीती वाटते.

म्हणून हे काम.

तुम्ही ग्वाल्हेरचे असाल, किंवा तुमचं कोणी माधवगंजकडे राहत असेल, तर आसपास बघा. दिवस भरत आलेली बाई. पहिलटकरीण. घरात विजेवर चालणारा पांढरा पाळणा, एका बाजूची निळी पट्टी निघालेली. नवरा दिवसभर कामावर. दुपारी ती एकटीच असेल.

भुताबिताचं काही बोलू नका, दार लावून घेतील. काहीतरी निमित्त काढून आत जा. दोन मिनिटं बसा तिच्याजवळ. बाळ पोटात फिरतंय ना, एवढं तिला विचारा.

ती गप्प राहिली, तर तिला चपला घालायलाही थांबू देऊ नका. तशीच दवाखान्यात न्या. आणि मला कळवा, ती बरी आहे म्हणून.