कातळावरचं ढिम्म चाक

डावं मागचं चाक गरागरा फिरत चिखलाचे फवारे उडवत होतं. उजवं मागचं चाक मात्र कोरड्या कातळावर ढिम्म उभं होतं. मोटारीत ताकद भरपूर, तरी पिकअप तसूभरही हलेना. असं कसं?

या कोड्याचं उत्तर आपल्याच हट्टात दडलंय अशी शंका येऊन शाल्मलीचे कान तापले होते.

गाडी चालवत होता खंडू नावाचा यंत्रमानव. मागच्या हौद्यात तिचे आबा, निवृत्त मत्स्यशास्त्रज्ञ, पिशव्या सांभाळत बसले होते. प्रत्येक पिशवीत पाणी, प्राणवायू आणि रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं). मागच्या वर्षी वडजाईचा तलाव आटला होता. आता तो भरला होता आणि मच्छीमार सोसायटी या पिल्लांकडे डोळे लावून बसली होती. पिशवीतला प्राणवायू मात्र काही तासच पुरणारा होता.

चिखल लागताच खंडूनं विचारलं होतं, "डिफरन्शियलचं लॉक लावू का?"

"मुळीच नाही! लॉकनं टायर झिजतात. शाळेत डिफरन्शियलचं मॉडेल करून बक्षीस मिळवलंय मी. तुला काय कळतंय, डबड्या?"

आज गाडीवर हुकूम शाल्मलीचा, असं आबांनीच ठरवलेलं. खंडूनं निमूटपणे ऐकलं.

"आणखी जोर लाव!" ती आता ओरडली. चाक आणखी रुतलं. 'लॉक लाव' एवढंच म्हणायचं होतं, पण आपलेच शब्द मागे घ्यायचे कसे? ती पुन्हा 'जोर लाव' म्हणाली.

"शालू, पिल्लं वर येऊन धापा टाकताहेत गं!" मागून आबांचा आवाज आला.

ते खाली उतरले. चाकांकडे पाहिलं. रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"वळणावर कुठलं चाक जास्त अंतर धावतं?"

"बाहेरचं. म्हणून तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी) लागतं."

"शाबास. पण ही पेटी दोघांना जोर सारखाच वाटते. समज, दोन्ही लेकरांना सारखंच वाढायचं अशी आईनं शपथ घेतलीय. एकाला चमचाभरच गिळता येतं, तर दुसऱ्यालाही चमचाभरच मिळणार. चिखलातलं चाक थोड्याशा जोरानंच घसरतं. मग कातळावरच्या चाकालाही तेवढाच जोर."

"आणि लॉक लावलं की?" तिनं रुतलेल्या चाकाकडे बघत विचारलं.

"दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात. एकट्यानं फिरायची सोयच उरत नाही. ज्याची पकड घट्ट, ते चाक हवा तेवढा जोर घेतं आणि गाडी ओढतं."

"खंडू... लॉक लाव."

खट् आवाज झाला. कातळावरचं चाक फिरू लागलं आणि गाडी हिसका देऊन बाहेर आली. डांबरी रस्ता लागताच तिनं लॉक काढायला सांगितलं, कारण कडक रस्त्याच्या वळणावर जखडलेली चाकं फरफटतात. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. एवढंच ठाऊक होतं.

तलावावर हौदा उघडला. चार पिशव्यांत पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. सोसायटीच्या अध्यक्ष शेवंताताई भोई बघतच राहिल्या.

"वाटंत काय झालं वो, आबा?"

"रस्ता जरा..."

"रस्ता नाही, मी!" शाल्मली म्हणाली. लाजेनं तिला मान वर करवेना. "खंडूनं विचारलं होतं. मी त्याला डबडा म्हटलं. चूक कळायला लागली तरी हट्टानं 'जोर लाव'च म्हणत राहिले."

शेवंताताईंनी त्या चार पिशव्या बाजूला काढून ठेवल्या. मग म्हणाल्या, "मेलेली काय जित्ती हुयाची न्हाईत, पोरी. जित्ती हाईत ती सोड. ही जगली तर दिवाळीला वीतभर हुतील."

शाल्मली गुडघाभर पाण्यात उतरली. जिवंत पिल्लांची पिशवी तिनं बंदच पाण्यावर तरंगत ठेवली. काठावरच्या खंडूकडे तिला बघवेना. तरी तिनं विचारलं, "खंडू, आता पिशवीचं तोंड सोडू का?"

"पिशवीतलं पाणी अजून तलावाइतकं गार झालेलं नाही. एकदम सोडलं तर पिल्लं दगावतील. थांबा."

ती थांबली.