सीटमागचा तिसरा प्लग

त्या दिवशी साइटवर जायचं होतं मोठ्या मिस्त्रींना. पण सकाळी सकाळी टूलबॉक्स उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली. मग मामाने सगळ्या वर्कशॉपवर नजर फिरवली आणि शेवटी पार्ट्सच्या काउंटरवर बसलेल्या भाचीवर आणून थांबवली.

"तू जा," मामा म्हणाला. "पोकलेनचा कंट्रोलर गेलाय असं मिस्त्री म्हणतात. हा नवा घे, जुना काढ, बसव, परत ये. डोकं चालवू नकोस. आणि मशीन पुन्हा बंद पडलं तर काउंटर आहे आणि तू आहेस, कायमची."

डोकं तर ती चालवणारच होती. दोन वर्षं गिऱ्हाईक नसताना तिने वायरिंगचे नकाशे वाचून काढले होते, भंगारातली मीटर जुळवून त्यावर हात बसवला होता. कोणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे कोणाचा धाकही नव्हता.

पुलाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर ते पिवळं धूड बकेट जमिनीला टेकवून उभं होतं. रुसल्यासारखं. आणि खालून दोन धुळकट बूट बाहेर आलेले.

"काका, जरा बाहेर येता का? मशीन बघायचंय."

बूट हलले. मागून गुडघे आले, मग शर्ट, आणि सगळ्यात शेवटी पंचविशीतला एक चेहरा... गालावर ग्रीसचा लांब पट्टा.

"काका जेवायला गेलेत," तो म्हणाला. "पुतण्या चालेल का?"

तिने हसू दाबलं. नीट दाबलं गेलं नाही.

"ऑपरेटर तुम्हीच?"

"मीच. आणि तुम्ही मोठे मिस्त्री? बरेच बदललात."

तेवढ्यात सुपरवायझर आले. 'आटपा' हा शब्द ते श्वासासारखा घ्यायचे, म्हणून अख्खी साइट त्यांना आटपासाहेबच म्हणायची. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे अजून कोणी येतंय का ते पाहिलं.

"एकट्याच? बरं. कंट्रोलर आणलाय ना? आटपा. तीन आठवडे छळतंय हे मशीन. आणि कोणी वायरिंगला हात लावल्याचं कळलं, तर तो माणूस त्या दिवसापासून मशीनवर नाही. आटपा."

ते गेले. ती केबिनमध्ये चढली. जागा एका माणसाची, माणसं दोन. तो सीटवर, ती पायरीवर उकिडवी. डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन, आणि या सगळ्यात सीटच्या बाजूला स्वच्छ धुऊन वाळत घातलेलं एक फडकं. हा माणूस मशीन पुसतो, तिने मनात नोंद केली.

"नेमकं काय होतं?"

"चांगलं चाललेलं असतं. मध्येच स्क्रीन आंधळी होते, इंजिन दबतं, बकेट हवेत तशीच. बंद करून चालू केलं की जसं काही झालंच नाही."

"कधी कधी होतं?"

त्याने सीटखालून एक वही काढली. तारीख, वेळ, काय काम चाललं होतं, किती वेळ बंद. सगळं सुवाच्य अक्षरात.

"ऑपरेटर आहात की कारकून?"

"ते बिचारं बोलत नाही. कोणीतरी लिहून ठेवायला नको?"

तिने मान वर केली नाही. पण कान गरम झाल्याचं तिचं तिला कळलं. तिने घाईने बॅटरीचा खटका बंद करायला सांगितलं आणि स्क्रीनखालच्या सॉकेटमध्ये मीटरच्या दोन्ही सुया टेकवल्या.

चाळीस.

पुन्हा टेकवल्या. चाळीसच.

"चेहरा का पडला?" त्याने विचारलं.

"पडला नाही. खुलला. माझा खुलला की असाच दिसतो." ती म्हणाली. "बघा... इंजिन, पंप, स्क्रीन, सगळ्यांचे कंट्रोलर याच दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. रिकाम्या खोलीत बोललं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो ना? तसं होऊ नये म्हणून वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर असतो. जाड पडद्यासारखा. दोन असले की मीटर साठ ओहम दाखवतं. एक तुटला तर एकशेवीस."

"आणि चाळीस?"

"चाळीस म्हणजे तिसरा कुठून तरी घुसलाय. कंट्रोलर ठणठणीत आहे. फक्त त्यांचं एकमेकांशी बोलणं तुटतंय."

"दोघांत तिसरा," तो म्हणाला. "मशीनलाही चालत नाही म्हणजे."

"मीटर हातात असताना बोलू नका. सुई हलते."

"हात हलतोय तुमचा."

तिने सुया काढून घेतल्या. बाहेरून पाण्याचा टँकर धुळीवर फवारा मारत गेला आणि वाऱ्याने त्यातला अर्धा केबिनमध्ये आणला. दोघं भिजली... थोडीशीच. त्याने ते धुतलेलं फडकं पुढे केलं. तिने आधी मीटर पुसलं, मग चेहरा. तो ते बघत राहिला.

तिने वही पुन्हा उचलली आणि पहिल्यांदा मशीन बंद पडलं त्या तारखेच्या मागे गेली. एक दिवस आधी, त्याच सुंदर अक्षरात एक ओळ होती: 'सीटमागचं सॉकेट उघडं होतं. धूळ जात होती. खणातला प्लग बसवून बंद केलं.'

तिने वही तशीच उघडी ठेवली. वाकून सीटमागे हात घातला आणि एक छोटा काळा प्लग काढला. मीटर लावलं.

साठ.

त्याने साठ पाहिलं, वही पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. "ते... टोपण नव्हतं?"

"रेझिस्टर आहे. बरोब्बर बसतो म्हणून कोणालाही टोपणच वाटेल."

"म्हणजे तीन आठवडे मीच..."

"धूळ जाऊ नये म्हणून," ती म्हणाली. इतक्या हळू, की तिलाच आश्चर्य वाटलं. "मी लिहीन, जास्तीचा प्लग सापडला, काढला. कोणी लावला ते मशीन सांगत नाही."

आटपासाहेब आले तेव्हा तिने तेवढंच सांगितलं. त्यांनी प्लग बोटांत फिरवला आणि हसले.

"एवढ्याशा बोंडाने एवढं धूड बंद पडतं? मुली, हे मशीन आपोआप बंद पडतं नि आपोआप चालू होतं. आता चालू आहे, संध्याकाळी पुन्हा बसेल. कंट्रोलर बसव, नाहीतर मी तुझ्या मामाला फोन लावतो."

तिच्याजवळ मीटर होतं, पण मीटर त्यांना वाचता येत नव्हतं. हातातला कंट्रोलरचा सीलबंद डबा अचानक जड झाला. सील फोडलं की संपलं... मिस्त्रींचंच खरं, आणि काउंटर कायमचा.

"साहेब," ऑपरेटर पायरीवरून खाली उतरला. "तो प्लग मी लावला."

"गप्प बसा," ती पुटपुटली.

"नाही. वहीतली ही तारीख बघा, साहेब. त्याच्या आधी दोन वर्षांत मशीन एकदाही असं थांबलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज. पटत नसेल तर तुमच्यासमोर परत लावतो."

लावला. पंधराव्या मिनिटाला स्क्रीन आंधळी झाली, बकेट हवेत. काढला. मशीन संध्याकाळची शिट्टी होईपर्यंत खोदत राहिलं. आटपासाहेब तोवर तिथेच खुर्ची टाकून बसले होते, आणि त्या सगळ्या वेळात एकदाही 'आटपा' म्हणाले नाहीत.

शेवटी उठले आणि ऑपरेटरकडे वळले. "मशीन बरं झालं. पण शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून महिनाभर तू रोडरोलरवर."

फोन वाजला. मामा.

"बसवला कंट्रोलर?"

"नाही. मशीन त्याशिवायच बरं झालं. डबा परत आणतेय. सील आहे तसं आहे."

पलीकडे मामाने कोणाला तरी ग्राइंडर बंद करायला सांगितलं. मग मामा खाकरला. "उद्या आठला तयार राहा. एक क्रेन आहे. स्क्रीन जातेय म्हणतात. काउंटरवर बघतो दुसरं कोणी."

ती टूलबॉक्स घेऊन निघाली तर तो गेटपाशी उभा. ग्रीसचा पट्टा पुसलेला, अर्धाच.

"का सांगितलंत?" तिने विचारलं. "मी लपवलं होतं ना."

"तुमचं खरं होतं. माझ्यामुळे खोटं ठरलं असतं." तो खांदे उडवून म्हणाला. "आणि तो प्लग द्या मला. आठवण म्हणून."

"अजिबात नाही. तुमच्या हाताला चैन नाही. कुठेतरी बसवाल."

तिने प्लग खिशात टाकला. दोघांनी गेटजवळ उभ्या रोडरोलरकडे पाहिलं. जुना, लोखंडी, ना स्क्रीन ना कंट्रोलर.

"एक अडचण आहे," तो म्हणाला.

"काय?"

"हा रोलर कधीच बिघडत नाही. मग तू... तुम्ही येणार कशा?"

"तूच बरं वाटलं," ती म्हणाली. त्याच्या हातातून वही घेतली, शेवटचं पान उघडलं, आपला नंबर लिहिला आणि खाली, त्याच्याइतक्याच सुवाच्य अक्षरात, एक ओळ:

'न बिघडता बोलाव.'

तिने वही त्याच्या हातात दिली आणि मागे न बघता गाडीकडे चालू लागली. गाडीचं दार उघडते न उघडते, तोच खिशातला फोन वाजला.