सर्व हजर

विषय: हौशी सायकल मंडळाच्या शनिवार-रविवारच्या डोंगरफेरीत बेपत्ता झालेले सदस्य क्रमांक दहा यांचा शोध घेण्याबाबत.

संदर्भ: मंडळाची हजेरीवही, बोगद्यापलीकडच्या थांब्याची नोंद. नोंदीखाली सही अर्जदाराचीच.

वरील विषयाचा मूळ अर्ज मी यापूर्वीच दिला आहे. तो एका पानाचा आहे, कारण दुसरं पान वाचायची पद्धत कुठल्याच कार्यालयात नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मीही ते वाचलेलं नाही. त्या पानात जे मावलं नाही, ते इथे लिहितो.

आमच्या मंडळात अकरा सदस्य. सरासरी वय साठ, सरासरी वेग त्याहून बराच कमी. सर्वांत पुढे दातांचे डॉक्टर, कारण मंडळ त्यांनी काढलं आणि नकाशाही त्यांच्याकडेच. सर्वांत मागे मी. शेवटच्या माणसाला आमच्यात ‘शेपूट’ म्हणतात. शेपटाची कामं दोन: कुणाच्याही पुढे जायचं नाही, आणि प्रत्येक थांब्यावर हजेरी घ्यायची. पुढून एकेकाने आपला नंबर ओरडायचा, शेवटी मी ‘अकरा’ म्हणायचं आणि वहीत ‘सर्व हजर’ लिहून सही करायची. एवढी काटेकोर वही असलेलं दुसरं सायकल मंडळ मला माहीत नाही. असल्यास तिथेही एखादा सेवानिवृत्त कारकून असणार.

माझ्या लगेच पुढे दहा नंबर, म्हणजे माझा धाकटा भाऊ. घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर काचेतून बारीक चाकं बघून त्याची जीभही बारीक झाली आहे. तो नुसतं ‘दहा’ कधीच म्हणत नसे. ‘दहा हजर, साहेब, रजेचा अर्ज मागाहून,’ असं काहीतरी असायचं. त्या शनिवारी चढावर मला दम लागला तेव्हा मागे वळून म्हणाला, “दादा, तुझी सायकल चालतेय की फाइल सरकतेय?”

“फाइल सरकतेय. शेरा मारू नकोस.”

दुपारी तीनच्या सुमारास धुकं उतरलं. आधी पुढचे दिसेनासे झाले, मग त्यांचे आवाज. शेवटी मला फक्त भावाचा पिवळा रेनकोट दिसत होता. जुन्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर त्याची चेन पडली. तो उतरला, गुडघ्यावर बसला.

“तू हो पुढे, दादा. थंडीत कुडकुडत बसू नकोस. मी आलोच.”

“शेपटाने पुढे जायचं नसतं.”

“मग दोन मिनिटं मी शेपूट. चार्ज दिलास असं समज.”

चार्ज तोंडी देऊ नये आणि तोंडी घेऊ नये, हे मी प्रत्येक नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी सांगत असे. मला थंडी वाजत होती. मी पुढे झालो.

बोगदा लांब नाही, दोनशे पावलांचा असेल. आत दिवा नाही. ओल्या दगडाचा आणि गंजाचा वास होता, तो अपेक्षितच होता. मध्यावर मात्र तो वास एकदम थांबला आणि कोरडा वास आला, वर्षानुवर्षं बंद असलेलं कपाट उघडल्यावर येतो तसा. तिथे पाणीही ठिबकत नव्हतं. मागून सायकलची बारीक कटकट ऐकू येत होती. मी पेडल मारलं की ती बंद व्हायची, मी पाय थांबवले की सुरू व्हायची. भाऊ आला, असं मी धरून चाललो. अंधारात मान वळवली की हँडल वळतं, म्हणून मागे पाहिलं नाही.

बाहेर नऊ जण धुक्यात उभे होते. डॉक्टरांनी हजेरी पुकारली. एक, दोन, तीन करत नऊपर्यंत आली. मग माझ्या खांद्याशी आवाज आला, “दहा.”

मी ‘अकरा’ म्हणालो. वही काढली, ‘सर्व हजर’ लिहिलं, सही केली. आणि मग मागे वळून पाहिलं. हा क्रम चुकीचा होता, हे मला मान्य आहे.

खांद्याशी कुणीच नव्हतं. पिवळा रेनकोट अजून बोगद्याच्या तोंडाशी होता, सायकल हातात धरून हळूहळू येत होता. आम्ही सगळे चिंब होतो. त्याचा रेनकोट कोरडा होता.

“चेन बसली?” मी विचारलं.

“बसली.”

“मग बोटं स्वच्छ कशी? चेनला हात लावला की काळी होतात.”

त्याने बोटांकडे पाहिलं. “हो,” तो म्हणाला. “होतात.”

तासाभराने विश्रामगृहात त्याने चहाचा कप उचलला तेव्हा बोटं काळी होती.

आम्हा दोघांना एक खोली होती. दोन पलंग, एक खुर्ची, भिंतीवर आग लागल्यास काय करावे याची सूचना. तो पलंगाच्या काठावर बसून मोजे काढत होता. मी खुर्ची ओढली आणि सहज विचारल्यासारखं विचारू लागलो. नोकरीत चौकश्या बऱ्याच केल्या होत्या, पण नातेवाइकाची ही पहिलीच.

“आईच्या कपाटाची किल्ली कुठे असायची?”

“शिवणयंत्राच्या खणात.”

“तुझ्या हातावरचा व्रण कशाचा?”

“कुंपणाच्या तारेचा. तू ढकललं होतंस.”

सगळं बरोबर. उत्तरं नेमकी, विचारलं तेवढीच. भावाने एका प्रश्नाचं उत्तर देता देता मला तीन टोमणे मारले असते. मग मला वेगळंच सुचलं. लहानपणी एकदा तो दिवसभर घरातून गायब होता. कुठे होता ते त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही. ते विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कागद वाचावा तसा.

“तुला माहीत नाही,” तो म्हणाला, “मग मला कसं माहीत असेल, दादा…?”

मी खाली जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते दात घासत होते, धंद्याला शोभेल इतका वेळ.

“बोगद्यापर्यंत परत जाऊ या.”

“कशाला?”

“दहा नंबर मागे राहिलाय.”

“अहो, तो वर मोजे वाळत घालतोय. मी आत्ता पाहिला.”

“डॉक्टर… तो नाहीये तो.”

त्यांनी चूळ भरली, माझ्या पिशवीतली वही काढली आणि माझी सही मला दाखवली. “तुमच्याच हातची आहे ना?” मग मवाळ होऊन म्हणाले, “थकलात. झोपा.”

सकाळी उजाडताच मी एकटा गेलो. वळणावर कुणी नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून भावाला हाक मारली. उत्तर आलं नाही. माझाच आवाज तरी परत यायला हवा होता, तोही आला नाही. बाकीचे येऊन मला घेऊन गेले. त्यांच्यात तोही होता. त्याने माझी सायकल धरली.

घरी परतल्यावर पहिला आठवडा भावजय खूश होती. “भाऊजी, डोंगराची हवा मानवली ह्यांना. उलट बोलत नाहीत, घोरत नाहीत.” दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि चपला घालूनच दारात उभी राहिली.

“भाऊजी, आमचं पहिलं भांडण कशावरून झालं होतं, ते मी विसरलेय. ह्यांना विचारलं. ह्यांना कधीपासूनची भांडणं तारीखवार पाठ असतात…”

“मग?”

“नाही आठवलं. मला जे आठवतं तेवढंच ह्यांना आठवतं. तुम्ही अर्ज देणार होतात ना? माझीही सही घ्या.”

तो माणूस तिच्या घरात आहे. जेवतो, दुकानात जातो, घड्याळं उघडून बसतो. एकही दुरुस्त झालेलं नाही. आणि माझा भाऊ कुठेतरी मी परत येईन म्हणून गुडघ्यावर बसला आहे. म्हणून शोधकार्याच्या कार्यालयात आम्ही दोघांच्या सहीने अर्ज दिला.

“काका,” टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “हरवलेला माणूस घरीच आहे म्हणता?”

“आहे.”

“मग हरवलंय काय?”

“तेच शोधायचंय.”

त्यांनी आवक शिक्का मारला. मी त्यांना दोष देत नाही, मीही एवढंच केलं असतं. दर सोमवारी मी चौकशीला जाऊ लागलो. गेल्या सोमवारी बाईंनी फाइल माझ्याकडे फिरवली.

“ह्याच प्रकरणात आणखी एक अर्ज आहे. तुमच्या आधी एका नंबराने आवक झालाय. कुणी आणून दिला ते आठवत नाही.”

अक्षर माझ्या भावाचं होतं. विषय: सदस्य क्रमांक अकरा, अर्जदाराचे थोरले बंधू, यांचा शोध घेण्याबाबत. खाली लिहिलं होतं: ‘चेन बसवून मी बोगद्याबाहेर आलो, तेव्हा दादा तिथे नव्हता. त्याच्या जागी जो वही घेऊन उभा होता आणि आता त्याच्या घरी राहतो, तो दादा नाही. वडिलांनी शेवटच्या संध्याकाळी आम्हा दोघांना एकत्र बसवून एकच वाक्य सांगितलं होतं. ते मी त्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही.’

मला कुणी असं काही विचारलेलं नाही. भावजयीच्या घरी जाऊन मी त्याला म्हणालो, “तू अर्ज दिलास?” तो म्हणाला, “दिला असेन, असं तुला वाटतं का?”

कार्यालयातल्या बाई मात्र मदतीच्या होत्या. त्यांनी त्याच सोमवारी कोरा कागद पुढे सरकवला होता. “वडिलांचं ते वाक्य तेवढं लिहून द्या, काका. म्हणजे तो अर्ज खोडसाळ ठरतो, आणि तुमचा पुढे नेता येतो. पाच मिनिटांचं काम.”

ती संध्याकाळ मला आठवते. खोली आठवते, आम्ही दोघं पलंगाच्या कुठल्या बाजूला बसलो होतो ते आठवतं, वडिलांचे ओठ हलले तेही आठवतं.

कागद अजून माझ्याकडेच आहे, कोरा. विषय एकच असल्याने दोन्ही अर्ज एकत्र जोडण्यात आले आहेत. माहितीअभावी ते आजच्या तारखेस प्रलंबित आहेत.