गावतलावातलं विष

फौजदार ज्योत्सना मेश्राम ठाण्यात पोचली तेव्हा फाटकाबाहेर दोनशे माणसं ओरडत होती. आत बाकावर पश्चिम बंगालहून आलेला निमाई मंडल अंग चोरून बसला होता. त्याला आमच्या हवाली करा, एवढीच बाहेरची मागणी होती.

सकाळपासून एक व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता. निमाई तलावाकाठी हंडा कलंडवतो. मग मेलेल्या रोहूंचा ढीग. खाली ओळ होती : ‘बांगलादेशी घुसखोर आपल्या तलावात विष कालवतोय. पोटनिवडणुकीत विचार करून मत द्या.’ असलं लिहायला अक्कल लागत नाही, आणि वाचून पेटायला तर मुळीच नाही.

“काय ओतलंस?”

“मासोळीचं बीज, मॅडम. बारकी पिल्लं. बांकुड्याहून आणलं. सोसायटीनं फोन केला होता.”

ज्योत्सनाने व्हिडिओ तीनदा पाहिला. निमाई आधी तलावाचं पाणी ओंजळीने हंड्यात घालतो, थांबतो, मग हळूच हंडा कलंडवतो. त्याच्या पाठीमागे तलावाची अख्खी पाळ, सगळा बांध, रिकामी.

मच्छीमार सोसायटीचा सचिव लिलाधर आला. पोटनिवडणुकीतल्या एका उमेदवाराचा मोबाइलवरचा प्रचारही तोच सांभाळायचा.

“तुम्ही पाहिलंत?”

“आपल्या डोळ्यानं. पाळीवरच उभा होतो मी.”

“याला बीज घेऊन बोलावलं होतं?”

“नाही जी. परक्याले कोण बोलावन?”

इतक्यात जन्मभर मासे धरलेला म्हातारा ढीवर तुलाराम मेलेले मासे पोत्यात भरून आला. त्याने ते फरशीवर ओतले.

“पाहा मॅडम. सारे एका मापाचे. अन् कल्ल्यामागं दोरीचा वळ.”

“तलावात फिरायला सोसायटीचा डोंगा कोणाकडं असतो?” ज्योत्सनाने विचारलं.

“एकच हाय. किल्ली सचिवापाशी.”

ज्योत्सना लिलाधरकडे वळली. तिला त्याची मनापासून किळस आली होती.

“विषानं झिंग्यापासून म्हाताऱ्या माशापर्यंत सगळं तरंगलं असतं. एका मापाचे मासे जाळंच निवडतं, वळही त्याच्याच दोरीचा. लहान निसटतो, मोठा शिरत नाही. तुम्ही जाळ्यातले मासे काढून ढीग लावलात. ढीवराच्या घरात जन्मून एवढं विसरलात? विष ओतणारा आधी तलावाचं पाणी हंड्यात घालत नाही. पिल्लांना नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून बीज सोडणारा घालतो. आणि पाळ तर याच्या मागे रिकामी दिसते. म्हणजे तुम्ही पाळीवर नव्हता, समोर पाण्यात डोंग्यावर होता, मोबाइल धरून. हा कधी येणार हे ठाऊक असल्याशिवाय तिथं थांबता येत नाही; बोलावलंतही तुम्हीच.”

लिलाधरने हात जोडले. “वरून सांगतलं, काही जोरदार पाहिजे म्हणून. कोणाले मारायचं नव्हतं जी.”

“त्याचा जीव घ्यायले निघाला होता तू!” तुलाराम ओरडला.

“चला. बाहेर हेच सांगा,” ज्योत्सना म्हणाली.

“नोको मॅडम. मारतीन मले.”

“तुम्हीच जमवलेत ना?”

तिने त्याला व्हरांड्यात नेलं, भोवती शिपाई उभे केले आणि हाती भोंगा दिला. त्याने भोंगा तोंडाला लावला. “विष नव्हतं. व्हिडिओ म्या बनवला. तो माणूस बेकसूर हाय.”

जमाव फाटकापाशी सरकला. मग मागून कोणीतरी ओरडलं, “लिलाधरबी विकला गेला रे!”

पहिला दगड त्याच्याच खांद्यावर बसला.